जॅक गाडी उचलतो, धरून ठेवीत नाही

धारवाड सोडून बेळगावच्या वाटेला लागले की बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. देवळांसाठी प्रसिद्ध असलेले बेलूर हासन जिल्ह्यातले, हे वेगळे. येथे बसगाड्या व खोदाईची यंत्रे बांधणारे मोठे कारखाने आहेत आणि आसपासच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची मुले तेथे कामाला जातात. कारखान्यात उचललेल्या ओझ्याखाली टेकूशिवाय जाण्याची मुभा नसते. पण तेथे हा नियम पाळणारा मुलगा सुटीच्या दिवशी घरी जुनी कार किंवा टेंपो एका जॅकवर चढवतो, शेजारी दोन विटा रचतो आणि पोते अंथरून खुशाल गाडीखाली सरकतो, असे पुष्कळदा दिसते. ह्या गोष्टीबद्दल चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

लोखंडाचे वजन कारखान्यात जेवढे तेवढेच अंगणातही असते. १९४८ च्या कारखाना कायद्याने ओझे उचलणारी यंत्रे वर्षातून निदान एकदा जाणकाराकडून तपासून घेण्याची अट घातली होती. घरी मात्र तपासनीस येत नाही. तेथे मालकही आपण व कामगारही आपणच. म्हणून आमचे म्हणणे असे की, अंगणापुरता कायदा प्रत्येक कुटुंबाने स्वतःच करावा. तो एका ओळीचा पुरे: गाडी नुसत्या जॅकवर असेल तर तिच्याखाली डोके, छाती, हात, पाय, काहीही घालायचे नाही.

जॅक कशासाठी असतो, हे आधी समजून घेऊ. गाडीबरोबर मिळणारा कैचीचा जॅक पंक्चर चाक बदलण्यासाठी दिलेला असतो, आणि त्या कामाला गाडीखाली जावे लागत नाही. त्याचा पाया लहान असतो. गाडीला बाजूने धक्का बसला की तो कलंडतो. बाटलीसारखा तेलाचा जॅक दिसायला दणकट, पण त्यात सारे ओझे कोंडलेल्या तेलावर उभे असते आणि ते तेल एक रबरी वायसर व एक छोटी झडप अडवून धरते. वायसर फाटला किंवा झडपेत कचरा अडकला की तेल मागे फिरते आणि गाडी खाली येते, कधी हळूहळू तर कधी एका क्षणात. मारुती ८०० सारख्या लहान गाडीचेही वजन सुमारे ६५० किलो भरते. जीप व टेंपो त्याहून कितीतरी जड.

आपल्या भागात आणखी एक धोका पायाखालीच आहे. धारवाड-हुबळीकडची काळी जमीन कापसाला व हरभऱ्याला मानवते, जॅकला मानवत नाही. पाऊस पडला की ती फुगते व मऊ होते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा जमिनीत जॅकचा पाया एका अंगाने रुततो आणि गाडी तिरपी होते. सारवलेले अंगणसुद्धा वरून टणक, आतून मऊ असू शकते. तेव्हा हे काम सपाट सिमेंटच्या जागेवर करावे. तशी जागा नसेल तर घट्ट मुरमाच्या सपाट जागेवर, जॅकखाली व टेकूंखाली रुंद, जाड फळ्या घालून करावे. उतारावर कधीच करू नये.

‘हँडब्रेक ओढला आहे ना!’ असे म्हणून पुष्कळजण निश्चिंत होतात. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. ती चाके उचलली की त्याचा उपयोग संपला. जुन्या जीपगाड्यांत तर तो चाकांवर नसून मागच्या शाफ्टवर असतो. अशा जीपचे मागचे एकच चाक उचलले, तरी डिफरेन्शियलमुळे जमिनीवरचे दुसरे चाक फिरू शकते आणि जीप सरकते. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून लाकडी पाचरी ठोकाव्यात. इंजीन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवावी व किल्ली स्वतःच्या खिशात घालावी.

मग पुढील क्रम ठेवावा. चाक काढायचे असेल तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करावेत. गाडी जॅकने उचलावी ती कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच. उचलल्यावर दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे लोखंडी स्टँड ॲक्सल किंवा चासीच्या मजबूत भागाखाली लावावेत आणि जॅक हळूच उतरवून सारे ओझे त्यांवर टेकवावे. स्टँडवर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचावी. विटा, दगड व सिमेंटचे पोकळ ठोकळे कधीही वापरू नयेत. ते काहीही सूचना न देता फुटतात. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. वाईट वेळी तेवढी पोकळी उरते. शेवटी बाहेर उभे राहून गाडीला बाजूने जोरात हलवून पाहावे. हलली तर खाली जाऊ नये. मुले व कुत्री दूर ठेवावीत आणि त्या गाडीला जनावर बांधू नये.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही हाच न्याय. माल ओतण्यासाठी उचललेली ट्रॉली नुसत्या तेलावर उभी असते. पाइप फुटला किंवा कोणाचा हात लिव्हरला लागला की ती खाली येते. मजबूत टेकू लावल्याशिवाय ग्रीस भरायलासुद्धा तिच्याखाली जाऊ नये.

‘पाच मिनिटांचे तर काम,’ असे उत्तर आम्हांला ऐकू येते. गाडी पडायला एक क्षण पुरतो. ‘आमच्या वडिलांनी कुठे स्टँड वापरले?’ असेही कोणी म्हणेल. पण आपल्या वाडवडिलांनी बैलगाडीचे चाक काढून आखाला वंगण घालताना आधी लाकडी टेकू लावला, मगच चाकाला हात घातला. बैल सोडल्यावर जू जमिनीला टेकू नये म्हणून गाडीला शिपाई असे. टेकू आपल्याला नवा नाही. गाडी बदलली, एवढाच फरक.

राहिला खर्च. स्टँडची एक जोडी साधारणतः एका नव्या टायरच्या किमतीत मिळते आणि वर्षानुवर्षे टिकते. तेवढाही भार नको असेल तर आमची सूचना अशी: आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक वस्तीने वर्गणी काढून एक जोडी, दोन जाड फळ्या व चार पाचरी घेऊन ठेवाव्यात. लग्नाची मोठी भांडी आपण एकमेकांकडून आणतोच, तसेच हे. आणि कारखान्यात जाणाऱ्या तरुणांनी एखाद्या रविवारी दुपारी त्यांचा वापर सर्वांना करून दाखवावा. त्यांच्याजवळ हे ज्ञान आहे. ते गावात यायला हवे.

एकट्याने हे काम कधीच करू नये. छाती दबली की माणसाला ओरडताही येत नाही, कारण छाती फुगल्याशिवाय श्वास आत जात नाही. श्वास बंद पडल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. बेलूरहून धारवाड जवळ असले तरी तेवढ्या वेळात कोणतीही गाडी पोहोचत नाही. जो हाकेच्या अंतरावर असेल तोच वाचवू शकतो. त्याने अडकलेल्या माणसाला ओढू नये. आधी दुसरा जॅक लावून किंवा चारजणांनी मिळून ओझे उचलावे आणि उचलता उचलता खाली टेकू सरकवत जावे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन करावा. सुटलेला माणूस ‘मला काही झाले नाही’ म्हणाला तरी त्याला रुग्णालयात नेलेच पाहिजे; आतला मार वरून दिसत नाही.

गॅरेजवाल्याचे शेदोनशे रुपये वाचवण्यासाठी घरचा कर्ता माणूस गाडीखाली जातो. बचतीला आमचा विरोध नाही आणि स्वतःच्या हाताने काम करण्याला तर मुळीच नाही. पण टेकू लावायला दहा मिनिटे लागतात, ती त्या कामाचाच भाग समजावी. घरच्या बाईमाणसांनीही येथे संकोच करू नये. नवरा, दीर किंवा मुलगा गाडीखाली सरकताना दिसला की आधी वाकून पाहावे, आणि खाली नुसता जॅक असेल तर त्याला बाहेर बोलवावे.