माळ्यावरची बंदूक व मांडवातील बार

वऱ्हाडातील जुन्या घरांतून माळ्यावर अथवा धान्याच्या कोठीमागे एखादी ठासणीची बंदूक पडून असावी, यात नवल नाही. पणज्याने ती शेताच्या राखणीसाठी घेतली, आजोबांनी ती जपली, आणि नातवास ती वर्षातून एकदा, खंडेनवमीस, हळदकुंकू वाहण्यापुरती आठवते. इतक्यावरच गोष्ट राहती तर आम्हांस लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु पूजेच्या पाटावरून बंदूक अंगणात येते, अंगणातून वरातीत जाते, आणि 'हौसेला मोल नाही' असे म्हणत कोणी तरी तीत दारू ठासतो. कामरगाव व कारंजा तालुक्यातील इतर गावांच्या सुशिक्षित गृहस्थांस आणि व्यापारी मंडळींस आमचे सांगणे इतकेच की, वाडवडिलांची बंदूक जपणे हे भूषण असू शकेल. ती मिरविणे हे भूषण कधीही नव्हे.

शस्त्राचा प्रश्न या देशात स्वाभिमानाचा प्रश्न होता, हे आम्ही विसरलो नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत झालेल्या कायद्याने एतद्देशीयांस परवान्याची सक्ती केली व युरोपियनांस मोकळे सोडले. त्याविरुद्ध १८८७ साली मद्रासच्या राष्ट्रीय सभेत ठराव झाला. १९३१ साली कराचीस मूलभूत हक्कांची यादी झाली, तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आला. पण तो नियमांस अधीन राहून. डिसेंबर १९४८ मध्ये आमच्याच मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद हरि विष्णू कामत यांनी घटनासमितीत हीच मागणी पुन्हा मांडली. ती मान्य झाली नाही. पुढे १९५९ चा कायदा आला, त्यात गोऱ्या-काळ्याचा भेद गेला व परवाना राहिला. या साऱ्याचा अर्थ उघड आहे. ज्यांनी हक्क मागितला त्यांनीही नियमाशिवाय मागितला नाही. परवान्याची बंदूक ही समाजाने विश्वासाने हाती दिलेली ठेव होय.

पुष्कळांची समजूत अशी असते की, वस्तू जुनी झाली म्हणजे कायदा तिला शिवत नाही. ही समजूत घातक आहे. १९५९ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या घडणीच्या व पुरातन मोलाच्या हत्यारांस सूट आहे खरी. पण ती जी दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशांस. नुसते जुनेपण पुरत नाही. ज्या ठासणीच्या बंदुकीला लोहाराने चार दिवसांत पुन्हा बोलते केले, ती कायद्याच्या दृष्टीने बंदूकच. विनापरवाना बंदूक बाळगल्यास आता कमीत कमी २ व जास्तीत जास्त ५ वर्षांची कैद व दंड आहे. तेव्हा आपल्या घरची बंदूक निकामी आहे किंवा नाही, याचा निवाडा मालकाने स्वतःच करून स्वस्थ बसू नये.

कायदा बाजूस ठेवला तरी जुनी बंदूक स्वतःच मोठी दगलबाज असते. तोड्याची असो की टोपीची, ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. आजोबांनी भरलेला बार नातवाच्या हातात सुटू शकतो. काळ्या दारूचा जळका मळ ओल धरतो व नळीचे लोखंड आतून खातो. बाहेरून तेलपाणी करून चकचकीत दिसणारी नळी आतून पोखरलेली असते. अशा नळीत आजकालची जोरकस दारू घालणे म्हणजे ती आपल्याच तोंडाजवळ फोडणे होय. म्हणून माळ्यावर बंदूक सापडली तर घोडा ओढून पाहू नये, मुलांस हात लावू देऊ नये, व पोलीस ठाण्यास कळवून ती जाणत्या माणसाकडूनच तपासवावी.

आता चारचौघांतील वर्तनाविषयी. २०१६ च्या नियमांनी सांगून ठेविले आहे की, सार्वजनिक जागी बंदूक न्यावयाची तर ती तिच्यासाठी केलेल्या पिशवीत अथवा पेटीत, पूर्ण झाकून व आपल्या ताब्यात ठेवून न्यावी; ती उगारू नये, तिचा बार काढू नये, खोटा बारही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने लग्न, देवस्थान, सभा-समारंभ येथील आनंदाच्या गोळीबारास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेविल्या. मंगलकार्यात बार काढू नये हे सांगावयास देशाच्या संसदेस बसावे लागले, ही आपणा सर्वांस लाज वाटण्याजोगी गोष्ट नव्हे काय? वर गेलेली गोळी आकाशात राहत नाही; ती कोणाच्या तरी छपरावर वा डोक्यावर येते.

कोणी म्हणेल, "रानडुकरे व रोही पीक फस्त करतात, आम्ही काय टाळ्या वाजवीत बसावे?" तक्रार खरी आहे, व तिची टर उडविणारांपैकी आम्ही नाही. म्हणूनच खुद्द कायद्याने पीकसंरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद केली आहे. ज्यास गरज आहे त्याने ती सरळ मागावी. मात्र हा परवाना शिकारीचा नव्हे. आपल्याच तालुक्यात सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे, व काळविटास १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण आहे. राखणीच्या नावाखाली हौस भागविणारा एक इसम शेजारच्या दहा गरजू शेतकऱ्यांच्या अर्जावर संशयाची शाई सांडतो.

दुसरा म्हणेल, "ही आमची शौर्याची परंपरा." पूजेस आमची हरकत नाही. पण ज्या पूर्वजांनी खरोखर शस्त्र चालविले त्यांस ते म्यानात कधी ठेवावे हेही कळत होते. वरातीत बार काढण्यास शौर्य लागत नाही. दारू प्यालेल्या मित्रास बंदूक नाकारण्यास मात्र लागते.

करावयाचे ते कठीण नाही. परवानाधारक वारल्यास वारसांनी विनाकारण विलंब न लावता बंदूक पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी व मग परवान्यासाठी अर्ज करावा. घरधन्याचे वय ७० झाले असेल, अथवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे असेल, तर हयातीतच ती वारसाच्या नावे करून देण्याचा मार्ग नियमांत आहे. घरात बंदूक कुलुपात व दारू तिच्यापासून दूर असावी. ज्यांस ती नकोशी झाली त्यांनी भंगारवाल्यास गुपचूप न विकता रीतसर पोलिसांच्या हवाली करावी, अथवा वस्तू मोलाची असल्यास संग्रहालयाकडे विचारणा करावी. नागपूरचे १८६३ सालचे मध्यवर्ती संग्रहालय आपल्याला काही परके नाही. आणि व्यापारी मंडळींनी व मंगल कार्यालयांच्या चालकांनी एक साधा निश्चय करावा: ज्या मांडवात बंदूक निघेल तेथे वाजंत्री थांबेल व पंगत उठेल. शिपायाच्या दंडुक्याहून यजमानाचा नकार अधिक काम करील.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. झाकलेल्या बंदुकीची किंमत त्याहून अधिक आहे; कारण ती झाकलेली राहिली तर कोणाचा तरी मुलगा वरातीतून पायी घरी येतो.