पाकिटावरचे तिकीट कापू नका

वाशिम जिल्ह्यात एखाद्या जुन्या वाड्याची वाटणी झाली किंवा पेढी बंद पडली, की माळ्यावरचे कागद खाली येतात. खरेदीखते, फेरफार, कोर्टाचे निकाल जपून बाजूला ठेवले जातात, कारण त्यांना जमिनीचा भाव असतो. उरलेले रद्दीत जाते आणि पत्रांची पाकिटे या उरलेल्यात असतात. फार तर घरातले कुणी कात्री घेऊन तिकिटे तेवढी कापून ठेवते. ही तिकिटे बहुधा सर्वसाधारण, लाखोंनी छापलेली असतात. त्यांना मोल नसते. मोल असते ते फेकून दिलेल्या पाकिटाला. पाकीट हा या जिल्ह्याच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाचा अस्सल पुरावा आहे. तो पुढून-मागून अखंड जपला पाहिजे आणि जाणत्या माणसांकडून वाचून घेतला पाहिजे.

हे कुठल्याही जिल्ह्याबद्दल म्हणता येईल, पण वाशिमबद्दल ते अधिक जोराने म्हणावे लागते. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात बासिम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. बासिम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तीन तालुके. 1905 साली तो मोडला. बासिम आणि मंगरूळ अकोल्यात गेले, पुसद आजच्या यवतमाळच्या बाजूला. 1 जुलै 1998 रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. मधली 93 वर्षे या भागाला जिल्हा म्हणून नावच नव्हते, म्हणून त्याचा इतिहास अकोल्याच्या इतिहासाचे एक परिशिष्ट होऊन बसला. 1910 च्या गॅझेटिअरमध्ये वाशिम शोधायचे तर ते अकोल्याच्या पुस्तकात शोधावे लागते. पत्त्याच्या ओळींनी मात्र हा सगळा प्रवास नोंदवून ठेवला आहे. ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे लिहिलेले पाकीट 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यानंतरच्या काळातले. ‘जिल्हा बासिम’ म्हणजे सामान्यतः 1905 पूर्वीचे. पुढे ‘जिल्हा अकोला’ येते आणि त्याच्या शेजारचे प्रांताचे नाव बदलत राहते: 1936 पासून मध्य प्रांत व वऱ्हाड, 1950 पासून मध्य प्रदेश, 1 नोव्हेंबर 1956 पासून मुंबई राज्य, 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. वाशिमकर जागचा हलला नाही, पण त्याच्या ‘मु. पो. ता. जि.’ पुढची अक्षरे एका आयुष्यात चार वेळा बदलली. राज्यपुनर्रचनेवर कितीतरी ग्रंथ आहेत, पण ती सामान्य माणसाच्या हाताशी कशी पोचली हे त्यात क्वचितच सापडते. पत्ता लिहिणाऱ्याने ते नकळत लिहून ठेवले आहे.

पत्त्याइतकेच तिकीटही बोलते, फक्त ते पाकिटावर असायला हवे. 1 ऑक्टोबर 1854 पासून सगळ्या हिंदुस्थानात तिकीट लावून अर्ध्या आण्यात हलके पत्र जाऊ लागले. 1879 साली पाव आण्याचे कार्ड आले. 1922 मध्ये कार्ड अर्धा आणा आणि पत्र एक आणा झाले. त्यामुळे तिकिटांची बेरीज पाहून तारखेचा अंदाज बांधता येतो. पंचम जॉर्जच्या तिकिटांचे चित्र तेच राहिले, पण आधी ती लंडनमध्ये छापली जात आणि नाशिकला छापखाना आल्यावर 1926 पासून नाशिकमध्ये. लंडनच्या तिकिटावर जलचिन्ह म्हणून एकच तारा असतो, नाशिकच्या कागदावर ताऱ्यांची नक्षी. तिकीट उजेडासमोर धरले की हा फरक दिसतो. किंमत नव्या पैशात असेल तर पाकीट एप्रिल 1957 नंतरचे; सहा आकडी पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचे. ही पिनकोडची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे मराठी पंडित. वाशिमच्या 444505 मागे त्यांचे डोके आहे, हे वाशिमच्या शाळेत सांगितले गेले पाहिजे.

पाकिटाची मागची बाजू तर बहुतेक जण पाहतही नाहीत. जुन्या टपालात पत्र जिथे पोचे तिथला शिक्का मागे पडे, वाटेतल्या ठिकाणांचाही पडे, त्यामुळे पत्र कधी निघाले आणि कधी पोचले हे दिवसाच्या हिशेबाने कळते. मुंबई-नागपूर लोहमार्ग 1867 मध्ये पुरा झाला आणि तो अकोल्यावरून गेला. वाशिम त्याच्या दक्षिणेला सुमारे 80 किलोमीटर दूर राहिले. मुंबईचे पत्र अकोल्यापर्यंत आगगाडीने येई, तिथून पुढे सडकेने. कारंजाला पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी, आपली ‘शकुंतला’, मिळाली. एकाच जिल्ह्यातल्या या दोन बाजारगावांना बाहेरची बातमी वेगवेगळ्या वाटांनी आणि वेगवेगळ्या वेगाने मिळत होती. कापसाच्या व्यापारात भाव एक दिवस आधी कळणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. एकाच पेढीची वीस-पंचवीस पाकिटे ओळीने मांडली तर उन्हाळ्यात आणि भर पावसात पत्राला किती दिवस लागत, हे मोजता येईल. गॅझेटिअर रस्त्यांची लांबी सांगते. त्या रस्त्याने एखादी गोष्ट प्रत्यक्ष किती दिवसांत आली, हे पाकीट सांगते.

आणि मग दक्षिणेची सीमा. रिसोड इंग्रजांच्या वऱ्हाडात, सेनगाव आणि हिंगोली निजामाच्या मुलखात. माणसे पायी जात-येत होती, सोयरिकी होत होत्या, जनावरांचे बाजार एकमेकांत मिसळलेले होते. पण टपाल दोन सरकारांचे. निजामाने 1869 पासून स्वतःची तिकिटे काढली आणि ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. संस्थानात काही ठिकाणी इंग्रजांचीही पोस्टे होती, पण पत्र निजामाच्या पोस्टात टाकून हद्दीपलीकडे पाठवायचे तर ते तिकीट पुढे मोजले जात नसे आणि पत्र घेणाऱ्याकडून पैसे वसूल होत. ‘बैरंग’ किंवा ‘नॉटपेड’ पत्र हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होता तो अशा पत्रांसाठीही. हैदराबाद संस्थान सप्टेंबर 1948 मध्ये भारतात आले, तरी तिथले वेगळे टपाल एप्रिल 1950 पर्यंत चालू राहिले. दोन्ही सरकारांची तिकिटे किंवा थकबाकीचा शिक्का असलेले एखादे पाकीट रिसोडच्या घरात निघाले, तर सीमा म्हणजे रोजच्या जगण्यात नेमके किती आण्यांचा भुर्दंड, हे त्यावर लिहिलेले असेल.

यावर अभ्यासक शंका घेतील आणि त्यांनी ती घ्यावी. लोक जुनी नावे वर्षानुवर्षे लिहीत राहतात; 1905 नंतरही कुणी ‘जिल्हा बासिम’ लिहिले असणार. खरे आहे. म्हणूनच नुसत्या पत्त्यावर तारीख ठरवू नये. पत्ता, तिकीट, दर आणि शिक्का यांचा मेळ बसतो का ते पाहावे. शिक्का 1912 चा आणि पत्ता ‘बासिम’चा असेल तर तीही माहितीच आहे: जिल्हा सरकारने मोडला, लोकांच्या मनातून तो तितक्या लवकर गेला नाही. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. उरलेली पाकिटे बहुतांशी व्यापारी, वकील, जमीनदारांची. शेतमजुराची, बाईची पत्रे कुठे आहेत? पेढीवर आलेले पत्र तारेला टोचून ठेवत, पाकिटाच्या मधोमध दिसणारे भोक त्या तारेचे. उलट, कोपरा फाडलेले मृत्यूचे कार्ड वाचून लगेच नष्ट करायची रीत होती. म्हणजे घरातले सर्वांत मोठे दुःख ज्या कागदावर आले, तो कागदच उरत नाही. ही उणीव पाकिटांनी भरून निघणार नाही आणि तसा दावा करू नये. पण खेड्यातल्या घरी पत्र लिहून देणारा दुसराच असे, कधी मोडीत, कधी बाळबोधीत. त्या अक्षरावरून निरक्षर माणसाच्याही पत्रव्यवहाराचा माग काही प्रमाणात लागतो.

एखाद्या चिटोऱ्याने इतिहास बदलत नाही, असेही म्हटले जाईल. वाशिमकरांनी तरी हे म्हणू नये. 1939 साली वाशिममध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला, त्यावर वत्सगुल्म हे वाशिमचे प्राचीन नाव होते, आणि त्या पत्र्यांनी वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास उभा करून दिला. ताम्रपटही एका अर्थी पत्रच आहे: कुणी, कुठून, कोणत्या वर्षी, कुणाला दिले. कुणी तो वितळवून भांडे केले असते तर वाशिमच्या प्राचीन वैभवाबद्दल आज आपण फारच कमी बोललो असतो. पाकिटाला ताम्रपटाची योग्यता नाही, पण दोन्ही जपण्यामागचे कारण एकच आहे.

खासगी पत्रे चव्हाट्यावर आणायची का, हा प्रश्न उरतो. आतला मजकूर घरच्यांनी घरात ठेवावा. बाहेरची बाजू तर टपालवाल्यापासून पारावरच्या माणसापर्यंत सगळ्यांनी तेव्हाच पाहिली होती. फोटो काढून मूळ टाकून देऊ नये, कारण जलचिन्ह आणि कागद फोटोत उतरत नाहीत. या कामाला मोठा निधीही लागत नाही. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीरच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी आणि जिल्हा ग्रंथालयाने वर्षातून एक दिवस ठरवून लोकांना जुनी पाकिटे घेऊन बोलवावे, दोन्ही बाजूंची नोंद करावी आणि पाकीट ज्याचे त्याला परत द्यावे. 2025 मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. हाताने लिहिलेल्या, शिक्के बसलेल्या पाकिटांची संख्या आता फारशी वाढणार नाही. तेव्हा यंदा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची तार सापडली, तर पाकिटे एकेक करून सोडवा, तिकिटे जागच्या जागी राहू द्या, आणि कुणाच्या घरातून, कोणत्या पेटीतून ती निघाली ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा.