नंबर माझाच आहे, भाऊ!

नवा नंबर घेऊन जेमतेम तिसरा दिवस. दुपारची जेवणं आटोपून मी जरा आडवी झाले होते. फोन वाजला. "हां भाऊ, हप्ता कधी भरून राह्यले?" मी म्हटलं, "अहो, इथे कोणी भाऊ नाही. मी बाई बोलतेय." तर पलीकडचा म्हणतो, "मग वहिनी, भाऊले द्या नं फोन!"

झालं. ओळख ना देख, एका मिनिटात मी एका कर्जबाजारी माणसाची बायको होऊन बसले!

हसू नका. तेव्हा मला काही हसू आलं नव्हतं. बोरगाव मेघे म्हणजे तसं वर्ध्याला चिकटलेलंच गाव, शहर कुठे संपतं नि गाव कुठे सुरू होतं तेही कळत नाही. पण अजून इथे कोणाच्या घरी कोणाचा फोन येतो ते चार घरांत कळतं. आणि हा नंबर म्हणजे माझ्या आयुष्यातला, माझ्या स्वतःच्या नावावरचा पहिला. इतकी वर्षं रेशन कार्डापासून गॅसपर्यंत सगळीकडे 'ह्यां'चाच नंबर दिलेला. बचत गटाच्या खात्यासाठी बँकेतल्या बाईंनी विचारलं, "तुमचा नंबर काय, ताई?" तर मी गप्प. त्याच संध्याकाळी जाऊन सिम घेतलं.

आठवड्याभरात दिवसाला दहा-बारा फोन यायला लागले. कधी मराठीत, कधी हिंदीत. "मॅडम, झूठ मत बोलिए." एकदा तर रात्री पावणेनऊला. हे जेवत होते. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "तुला वेगळा नंबर पाहिजेच कशाला होता?" पुण्याहून लेक म्हणाला, "आई, ब्लॉक कर." एक ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून येतो, किती ब्लॉक करू? दुकानातला पोरगा तर मोकळाच झाला, "काकू, दुसरं सिम घेऊन टाका."

तिघांच्याही बोलण्याचा अर्थ एकच. त्रास देणारा तिकडे राहू दे, तू बाजूला हो. या सल्ल्याला माझा विरोध आहे, आणि तो एवढ्यासाठी, की आज बाईचा नंबर म्हणजे फक्त गप्पा मारायचं साधन राहिलेलं नाही. बँकेचा ओटीपी त्यावर, आधार त्याला जोडलेलं, मुलांच्या शाळेचे निरोप त्यावर. नंबर सोडला की हे सगळं सुटतं. मग पुन्हा कोणाचा तरी नंबर द्यायचा, म्हणजे नवऱ्याचा नाहीतर मुलाचा.

पण माझ्या नव्या कोऱ्या सिमवर दुसऱ्याचं कर्ज आलं कसं? सिम नवं असलं तरी नंबर जुना असतो. दहा आकडी नंबर काही अमाप नाहीत. पूर्वी मोबाईल म्हटला की ९८ ने सुरू व्हायचा, मग ८, ७ करत आता ६ सुद्धा आला. म्हणून बंद पडलेला नंबर कंपन्या पुन्हा वाटतात. किमान ९० दिवस तो कोणाला द्यायचा नाही, असा नियम आहे. हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंतही गेला होता. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कोर्टासमोर हाच ९० दिवसांचा नियम आला, आणि नंबर सोडणाऱ्यानं आपल्या खाजगी माहितीची काळजी स्वतः घ्यावी, असंच कोर्टानं म्हटलं. ठीक आहे. पण ज्याला तो नंबर मिळतो, त्यानं काय करावं?

मी काय केलं ते सांगते. आधी एक वही घेतली. तारीख, वेळ, कोणत्या नंबरवरून आला, काय बोलला. वही दिसली की माणसाच्या आवाजातही फरक पडतो हो! पुढचा फोन आला तेव्हा मीच विचारलं, "तुमचं नाव? कोणत्या कंपनीकडून? ऑफिसचा पत्ता?" दोघांनी फोनच ठेवला. तिसऱ्यानं कंपनीचं नाव सांगितलं, आणि वर म्हणाला, "तुम्ही तो माणूस नाही हे सिद्ध करा, आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका." मैत्रिणींनो, हे मात्र कधीही करू नका. फोनवरच्या माणसाला आधार नाही, ओटीपी नाही, काहीच नाही.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला साधं पत्र लिहिलं. हा नंबर अमुक तारखेपासून माझ्या नावावर आहे, आधीच्या ग्राहकाशी माझा संबंध नाही, तुमच्या नोंदीतून तो काढा. सोबत सिमच्या पावतीची आणि वहीच्या पानांची झेरॉक्स. स्पीड पोस्टानं पाठवलं, पोच जपून ठेवली. पत्रात एक वाक्य मुद्दाम घातलं. थकलेल्या कर्जाच्या वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या ऑगस्टमध्येच बजावलंय. मला पावणेनऊला फोन आला, तारीख ही. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, असंही लिहिलं. जावं लागलं नाही. अकराव्या दिवसापासून फोन थांबले.

कर्ज घ्या, प्लॉट घ्या म्हणणाऱ्या जाहिरातींच्या फोनसाठी १९०९ आहे. तिथे एकदा नोंद करा, तरीही फोन आला तर सात दिवसांच्या आत तक्रार करा. त्यात फार जीव घालवण्यासारखं काही नाही.

जीव जातो तो वेगळ्याच फोनांनी. आमच्याच गल्लीतली एक नवी सून. तिला रात्री कोणा पोराचे फोन यायचे. नंबर कुठून मिळाला कोण जाणे. (२०१७ साली उत्तर प्रदेशातली बातमी वाचली होती, रिचार्जच्या दुकानातून मुलींचे नंबर ५० पासून ५०० रुपयांपर्यंत विकले जात होते. तेव्हापासून मी दुकानातल्या वहीत नंबर लिहीत नाही.) ती बिचारी भीतीनं गप्प राहिली, नुसता फोन कापत राहिली. एक दिवस सासूबाईंनी उचलला. पुढे काय झालं असेल, तुम्हाला सांगायला नको. फोन कपाटात गेला. फोन करणारा पोरगा मोकळा, आणि हिच्या परीक्षेच्या फॉर्मचा ओटीपी कपाटात! फॉर्म राहिला तो राहिलाच.

सासूबाईंना मी वाईट म्हणणार नाही, त्या घाबरल्या होत्या. पण पहिल्या फोनलाच सुनेनं सांगितलं असतं आणि घरानं विश्वास ठेवला असता, तर हाच फोन पोलिसांपुढे पुरावा म्हणून गेला असता. बाईनं स्पष्ट नकार देऊनही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहिला, तर तो गुन्हा आहे. २०१३ मध्ये तो कायद्यात आला, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. यात 'स्पष्ट नकार' महत्त्वाचा. नुसतं कापत राहू नका. 'मला परत फोन करू नका' असा एक मेसेज टाका, तो पुसू नका, मग ठाण्यात जा. सोबत सासूबाई आल्या तर फारच उत्तम.

आणि आपणही कधी नंबर सोडतोच की. घरात रिचार्ज करायची वेळ आली की आधी ह्यांचा, मग मुलांचा, आपला 'पुढच्या महिन्यात'. ९० दिवस काहीच वापर नाही आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली, असं झालं तर नंबर जाऊ शकतो. जाण्याआधी बँकेत, आधारला, गॅसला नवा नंबर द्या, व्हॉट्सअ‍ॅपचं खातं काढून टाका. नाहीतर आपले निरोप तिसऱ्याच घरी वाजतात.

हे मला कळलं ते एका म्हातारीमुळे. हप्त्याचे फोन थांबले, पण एक नंबर राहिला. "बाबू, मी बोलून राह्यली. गोळ्या सरल्या नं बापा." मी सांगितलं, "मावशी, हा नंबर आता तुमच्या मुलाकडे नाही." थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मंग त्याचा कोनता हाय?" वसुलीवाल्यांपासून पळताना त्यानं आईलाही नवा नंबर दिलेला नाही. ती कोणाकडून तरी भिंतीवरचा नंबर लावून घेते, आणि लावणारा बदलला की फोन पुन्हा माझ्याकडेच येतो. मागच्या सोमवारीही आला होता. हे विचारत होते, कोणाचा फोन? मी म्हटलं, माझाच आहे.