टाकी बांधा, पण झाकण आधी!

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने काय सोसले, ते आष्टीकरांना नव्याने सांगायला नको. छपरावरचे पावसाचे पाणी साठवणे हा त्यावरचा एक घरगुती उपाय आहे आणि तो जुनाच आहे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत भिक्षूंनी पावसाच्या पाण्यासाठी खडकात कोरलेली टाकी आजही पाहायला मिळतात.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. ४० चौरस मीटर पत्र्यावर ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर वाया जाणारे वगळूनही सुमारे १६ हजार लिटर मिळते. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर धरले, तर उन्हाळ्याचे चार महिने ३ हजार लिटरवर निघतात. म्हणजे टाकी फार मोठी नको, पण तिची निगा हवी.

कारण उघडी टाकी हे दुखण्याचे घर आहे. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. रांजण आठवड्याला कोरडा करता येतो. वर्षभराची टाकी कशी रिकामी करणार? म्हणून झाकण घट्ट हवे आणि हवेच्या व सांडव्याच्या नळीला बारीक जाळी हवी. पाणी तोटीनेच घ्यावे. बादली-दोरी आत गेली की जुलाब बाहेर येतात.

मृगाआधी पत्रे, पन्हळी झाडून टाकी घासून घ्यावी. बंद टाकीत एकट्याने कधीही उतरू नये. आधी झाकण बराच वेळ उघडे ठेवावे, वर माणूस उभा असावा. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडावे. माळवदाचे पाणी पिण्यासाठी धरू नये. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. ती बादलीत कालवून वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे व तासाभराने वापरावे. लहान मुलांसाठी पाणी उकळावे, हे उत्तम.

माझे स्पष्ट मत असे की, सरकारी पैशातून टाकी होते तेव्हा झाकण, जाळी आणि तोटी पाहिल्याशिवाय ग्रामपंचायतीने काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये. टाकी बांधली की फोटो निघतो. पुढच्या वर्षी ती घासली का, हे कोणी विचारत नाही. वाचकहो, ते आपणच विचारायचे आहे.