कोणते हरीण मारावे?

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या वाड्याच्या भिंतीवरचे वाघाचे मुंडके येते, नाहीतर मेलेल्या जनावराशेजारी बंदूक घेऊन उभे असलेले एखादे संस्थानिक. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांमुळे आपल्याकडची हौसेची शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. त्यामुळे आपल्या वादविवादात प्रश्न एकच उरतो : मारावे की मारू नये? अमेरिकेच्या पश्चिम भागात मात्र ‘म्यूल डिअर’ नावाच्या हरणाची शिकार आजही कायद्याने चालते आणि तिथल्या शिकाऱ्यापुढे दुसराच प्रश्न असतो : मारायचे ते कोणते? मला हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड वाटतो.

हे हरीण आपल्या सांबरापेक्षा लहान. कान खेचरासारखे मोठे, म्हणून हे नाव. नराच्या शिंगाला दोन फांद्या फुटतात आणि त्या प्रत्येक फांदीला पुन्हा दोन. कोलोरॅडो राज्यात १९९९ पासून या हरणाचे परवाने मर्यादित संख्येने, सोडत काढून दिले जातात. चांगल्या भागातला परवाना मिळावा म्हणून लोक कित्येक वर्षे थांबतात. इतकी वाट पाहिल्यावर दुर्बिणीत तीन-चार नर दिसले, तर माणूस निवड कशावरून करील?

बहुतेक वेळा शिंगांवरून. ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ ही संस्था थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ साली निघाली. शिंगे मोजण्याची तिची आजची पद्धत १९५० सालची. शिंगांची लांबी, जाडी, फांद्या आणि दोन शिंगांमधले अंतर इंचांत मोजून बेरीज करतात. नेहमीच्या घडणीच्या शिंगांची बेरीज १९० इंचांवर गेली, तर तिच्या कायमच्या नोंदवहीत जागा मिळते. कोलोरॅडोत १९७२ साली मारलेल्या एका नराची बेरीज दोनशे साडेसव्वीस इंच भरली होती. डोंगरावर काही टेप लावता येत नाही. म्हणून शिकारी कानांचा आधार घेतात. ताठ उभ्या कानांच्या टोकांमधले अंतर सुमारे वीस इंच. शिंगे त्याच्या बाहेर किती गेली, ते पाहायचे आणि अंदाज बांधायचा.

आमचे घर मेंढपाळाचे. म्हणून मला ही पद्धत पहिल्यांदा वाचताना उलटी वाटली. कळपातला देखणा, भरल्या अंगाचा मेंढा कोणी खाटकाला देत नाही. तो पैदाशीसाठी राहतो. बाजारात जातात ती बाकीची. माझे आजोबा शाळेत गेले नाहीत, पण हा नियम त्यांनी एका वर्षीही मोडला नाही. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात रॅम माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथल्या रानमेंढ्यांचा सुमारे तीस वर्षांचा अभ्यास २००३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. मोठ्या शिंगांचे मेंढे सतत मारले गेल्यामुळे पुढच्या पिढ्यांची शिंगे लहान होत गेली, असे त्यात मांडले होते. किती घट शिकारीमुळे आणि किती इतर कारणांनी, यावर शास्त्रज्ञांत पुढे वाद झाला. पण आजोबांना त्यातली मूळ गोष्ट समजावून सांगावी लागली नसती.

तरीही हरणाला मेंढराचा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. मेंढ्याचे शिंग जन्मभर वाढते. हरणाचे दर हिवाळ्यात गळून पडते आणि नवे येते. ते किती मोठे होईल, हे वंशावर ठरते, तसेच वयावर आणि त्या साली मिळालेल्या चाऱ्यावरही ठरते. पाच-सहा वर्षांच्या पुढचा नर नोव्हेंबरच्या माजाचे कित्येक हंगाम पाहून चुकलेला असतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून असा एखादा म्हातारा गेल्याने पाडसे कमी होत नाहीत. खरे नुकसान होते ते दोन-तीन वर्षांचा, चांगली शिंगे फुटू लागलेला नर मारल्याने. त्याचे दिवस अजून यायचे असतात.

म्हणून माझे मत असे, की शिंगे शेवटी पाहावीत आणि अंग आधी. छाती खोल, पोट ओघळलेले, पाठ मधे खचलेली, मान जाड आणि पाय आखूड भासणारे, तर तो वयस्कर. उंच पायांचा सडपातळ नर असेल, तर शिंगे कशीही असोत, त्याला जाऊ द्यावे. ज्याला केवळ मांस हवे, त्याने सहज आढळणारा दोन टोकांचा कोवळा नर मारला, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्याला निदान आपण कशासाठी आलो, हे ठाऊक असते.

यात एक रोगही आहे. हरणांना झिजवून मारणारा हा रोग १९६७ साली कोलोरॅडोतल्या बंदिस्त म्यूल डिअरमध्ये प्रथम दिसला. प्रौढ नरांत तो माद्यांपेक्षा जास्त आढळतो. म्हणून रोगाच्या भागात प्रौढ नर कमी करण्याचा मार्ग अवलंबला जातो आणि मांस खाण्याआधी तपासणी करून घ्या, असे सांगितले जाते. म्हणजे म्हाताऱ्या नराची निवड तिथे आणखी एका कारणाने योग्य ठरते.

माझ्या वर्गातल्या काहींना हा सगळा विचारच क्रूर वाटतो. त्यांना मी एवढेच विचारते, की दुकानातून अर्धा किलो मटण आणताना त्यातला बोकड कोणी निवडला? कोणीतरी निवडलाच असतो. कळपात उभे राहून ‘हा जाईल, तो राहील’ असे बोट दाखवणाऱ्या माणसाला रात्री त्याच कळपाशेजारी झोपावे लागते आणि पुढच्या वर्षीची कोकरे पाहावी लागतात. शिकाऱ्याला असा शेजार नसतो. तो परवाना वापरून घरी जातो. त्याच्यावर लक्ष ठेवायला डोंगरात कोणी नसते, म्हणून त्याने इंच मोजण्याआधी वय मोजावे, ही अपेक्षा मला जास्त वाटत नाही.