विश्लेषण : जवळचा माणूस नैराश्यात असेल तर काय करावे? रत्नागिरीत मदत कुठे मिळते?

गणपतीला मुंबईहून गावी आलेल्या चाकरमान्याला पाच दिवसांत एखादी गोष्ट खटकते. फोनवर रोज ‘बरं आहे’ म्हणणारी आई आरतीला बाहेर येत नाही किंवा दरवर्षी भजनात पुढे असणारा मित्र खळ्यातच बसून राहतो. सुट्टी संपते, गाडी सुटते आणि विषय तिथेच राहतो.

नैराश्य कधी समजावे?

वाईट घटनेनंतर मन खचणे स्वाभाविक आहे. मात्र दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळपास रोज आणि दिवसभर उदासी असेल, आवडीच्या कामातला रस गेला असेल, झोप-भूक बिघडली असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवे. अनेकदा तक्रार मनाची नसतेच. अंगदुखी, थकवा असे सांगितले जाते. थायरॉइडच्या विकारातही अशी लक्षणे दिसतात, म्हणून तपासणी महत्त्वाची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील साधारण २० पैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचे आढळले. नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते.

बोलायचे काय?

‘मन घट्ट कर’, ‘तुला काय कमी आहे’ ही वाक्ये टाळावीत. उपाय सुचवण्याची घाई आपल्या सगळ्यांनाच असते (इंजिनीअर मंडळींना जरा जास्तच). त्यापेक्षा ‘गेले काही दिवस तू गप्प असतोस, काय होतंय?’ एवढे विचारून ऐकत बसणे उपयोगी. ‘काही लागलं तर सांग’ म्हटल्याने मदत होत नाही, कारण सांगण्याचे बळच या आजारात जाते. अपॉइंटमेंट घेणे, सोबत जाणे, डबा पोहोचवणे अशी ठरावीक कामे आपणच उचलावीत.

जीव देण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उत्तर ‘हो’ आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घातक वस्तू दूर ठेवाव्यात आणि लगेच रुग्णालय गाठावे.

रत्नागिरीत अडते कुठे?

ठाणे, पुणे, नागपूरप्रमाणे रत्नागिरीतही प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तेही १८८६ पासून. म्हणजे ज्या सोयीसाठी इतर जिल्ह्यांतल्या लोकांना प्रवास करावा लागतो, ती इथे शहरातच आहे. पण त्या रुग्णालयाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या थट्टेत घेतले गेले. कोणी ओळखीचे पाहील या धास्तीने पाऊल अडते. बाह्यरुग्ण विभागात जाणे म्हणजे दाखल होणे नव्हे. तपासून, औषध घेऊन रुग्ण त्याच दिवशी घरी येतो.

औषधांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. ‘फरक नाही’ किंवा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे, ही घरच्यांकडून सर्रास होणारी चूक.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, असे कलम ११५ म्हणते. त्यामुळे पोलीस केसच्या भीतीने रुग्णालय टाळण्याचे कारण नाही. कलम १४ नुसार प्रौढ व्यक्तीला साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो नातेवाईकच हवा असे नाही, मित्रही चालतो. ज्याचे घरचेच ऐकत नाहीत, त्याच्यासाठी ही तरतूद मोठी आहे, पण ती फारशी कुणाला ठाऊक नसते.

दूर राहणाऱ्यांनी काय करावे?

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. रुग्णानेच फोन करावा असेही नाही. मुंबईत बसलेला मुलगा गावच्या आईबद्दल विचारू शकतो. जिवाला धोका वाटत असेल तर मात्र आधी शेजाऱ्याला घरी पाठवावे आणि १०८ ला फोन करावा.