हातोडा पडतो, चित्रकाराच्या पदरी काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये 'सॅफ्रनआर्ट' या लिलावसंस्थेने वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र ६७ कोटी ८ लाख रुपयांना विकले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी भारतीय कलेचा जयजयकार केला. नागपुरात १९२४ साली जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात घडलेला आणि दिल्लीतील निजामुद्दीनच्या लहानशा बरसातीत वर्षानुवर्षे एकांतात रंगवत राहिलेला हा चित्रकार २००१ मध्ये निवर्तला. त्याच्या कुंचल्यावर कोट्यवधींची उलाढाल झाली. विकणाऱ्याला किंमत मिळाली, लिलावसंस्थेला अधिमूल्य मिळाले, शासनाला कर मिळाला. ज्याने चित्र निर्माण केले त्याच्या नावे व्यवहारात काय जमा झाले, हा प्रश्न मात्र कोणीही विचारला नाही.

कलेचा बाजार या देशात अनेक वळणे घेत आला. राजा रविवर्मा यांनी संस्थानिकांच्या आश्रयाने चित्रे रंगवली आणि १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून देवदेवतांच्या तसबिरी घरोघरी पोहोचवल्या. पुढे १९५२ मध्ये जहांगीर कलादालन उभे राहिले. १९६३ मध्ये केकू गांधी यांनी तेथेच 'केमोल्ड' गॅलरी थाटली. अशा जाणकार गॅलरीवाल्यांनी उमेदीच्या चित्रकारांना आधार दिला, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु कोणते चित्र कोणी कोणाला कितीला विकले, ही माहिती गॅलरीच्या वहीत बंद असे. एकदा चित्र हातचे गेले की त्याचा माग चित्रकाराला लागत नसे.

ही वही उघडली ती संगणकाने. २००० साली स्थापन झालेल्या 'सॅफ्रनआर्ट'ने महाजालावर लिलाव सुरू केले आणि न्यूजर्सीतला डॉक्टर घरबसल्या मुंबईतल्या चित्रावर बोली लावू लागला. आज प्रत्येक लिलावाची सचित्र सूची, पूर्वीच्या मालकीचा तपशील आणि अंतिम किंमत संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. दलालाची गुप्तता संपली. चित्रकाराची उपेक्षा संपली नाही.

वास्तविक त्यावरचा उपाय कायद्यातच लिहिलेला आहे. स्वामित्वहक्क कायदा १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ घालण्यात आले. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या कायदेशीर वारसांना त्या किमतीत वाटा मिळण्याचा हक्क हे कलम देते. कमाल मर्यादा १० टक्के. स्वामित्वहक्काची मुदत, म्हणजे निधनानंतरची साठ वर्षे, संपेपर्यंत हा हक्क टिकतो. वाटा ठरवण्याचे काम मंडळाकडे सोपवले गेले. ते मंडळ दुसऱ्या मंडळात विलीन झाले, ते दुसरेही २०२१ मध्ये बरखास्त होऊन त्याचे अधिकार न्यायालयांकडे गेले. तीन दशके उलटली, कलम पुस्तकातच राहिले. गायतोंडे यांच्या चित्रावर एक टक्का धरला तरी तो ६७ लाखांच्या वर जातो!

यावर आक्षेप ठरलेले आहेत. खरेदीदाराने जोखीम पत्करली, मग नफा त्याचाच, असे म्हटले जाते. त्याचा नफा कोणी हिरावत नाही. मात्र किंमत वाढली ती चित्रकाराच्या आयुष्यभराच्या साधनेने, भिंतीवर टांगून ठेवल्याने नव्हे. व्यापार परदेशी जाईल, अशीही भीती घातली जाते. फ्रान्सने हा हक्क १९२० मध्येच दिला आणि ब्रिटनने २००६ मध्ये लागू केला. तरीही लंडन जगातल्या आघाडीच्या कलाबाजारांत गणले जाते. 'व्यवहारांचा शोध कसा घेणार?' ही सबब वहीच्या काळात शोभत होती. ज्या संगणकाला खरेदीदाराचे अधिमूल्य पै-पैशासह मोजता येते, त्याला चित्रकाराचा वाटा मोजता येत नाही काय?

प्रश्न कोट्यधीशांच्या दिवाणखान्यापुरता नाही. डहाणूच्या पाड्यावरून वारली चित्रकला जगभर नेणारे पद्मश्री जिव्या सोमा म्हसे २०१८ मध्ये गेले. त्यांच्या वा त्यांच्यासारख्या वनवासी कलावंताच्या हातून अल्प मोलाने गेलेले चित्र उद्या लाखाला विकले गेले, तर दहा हजारांची मर्यादा ओलांडताच हाच हक्क त्या झोपडीलाही लागू होतो. तिथे ही वार्ता कोण पोहोचवणार?

म्हणून शासनाने वाट्याचे प्रमाण आणि वसुलीची सुटसुटीत यंत्रणा निश्चित केली पाहिजे. लिलावसंस्थांनी आदेशाची वाट न पाहता प्रत्येक देयकावर कलावंताच्या वाट्याची एक ओळ घातली पाहिजे, आणि चित्र विकत घेणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनी ती ओळ मागितली पाहिजे. सरस्वतीच्या उपासकाला दान नको आहे. संसदेने दिलेला त्याचा हक्क त्याच्या हाती पडावा, एवढेच मागणे आहे.